आठ अक्षरांत अग्नी नाही, पण आत आहे: मग धरायचा की सोडायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. जन्म ११ नोव्हेंबर १९९४, पहाटे ५ वाजून १० मिनिटे, पुणे. तुम्ही गंमत म्हणून एका अ‍ॅपवर चिनी जन्मपत्रिका काढली, तर पाच तत्त्वांच्या तक्त्यात अग्नीपुढे शून्य आले. दुसऱ्या अ‍ॅपवर मात्र अग्नी दिसला, आणि तोही बऱ्यापैकी. मग एका सल्लागाराला पैसे मोजून विचारले. त्यांनी सांगितले की अग्नी म्हणजे तुमच्या पत्रिकेत नवऱ्याचे अक्षर, ते नाही म्हणून लग्न जमत नाही. उपाय काय, तर लाल खड्यांचे ब्रेसलेट, त्यांच्याकडेच मिळणारे. तुम्ही विचारता, अग्नी आहे की नाही, एकदा काय ते सांगा.

सांगते, पण एका शब्दात नाही. तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. आत दडलेली अक्षरे म्हणजे काय आणि ती केव्हा मोजायची, हा एक. तुमचा जन्मप्रहर नक्की कोणता, हा दुसरा. माझ्या मते दोन अ‍ॅपमधला फरक या दोहोंतून आला आहे. आणि अक्षर दिसत नाही म्हणजे आयुष्यातली ती गोष्टच नाही, हा निष्कर्ष कुठून आला, हा तिसरा. या पद्धतीवर मी बरीच वर्षे काम करते, तरी एक गोष्ट आधीच सांगते: ही जुनी आणि आतून अतिशय सुसंगत अशी परंपरा आहे, पण प्रयोगाने सिद्ध झालेले शास्त्र आहे असा माझा दावा नाही. त्या चौकटीत राहून तुमची पत्रिका कशी वाचायची, एवढेच मी सांगू शकते.

चौकट अशी. वर्ष, महिना, दिवस आणि प्रहर असे चार खांब. प्रत्येक खांबावर एक अक्षर वर, एक खाली. एकूण आठ, म्हणून चिनीत या पद्धतीला 'बा-त्झ', आठ अक्षरे, म्हणतात. वरची अक्षरे दहा प्रकारची: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही पाच तत्त्वे, प्रत्येकाची यांग आणि यिन अशी दोन रूपे. (आपली पंचमहाभूते वेगळी, हे ध्यानात ठेवा. इथे वायू आणि आकाश नाहीत. लाकूड आणि धातू आहेत.) खालची अक्षरे बारा, ती आपल्याला उंदीर, बैल, वाघ अशा प्राण्यांच्या नावांनी ठाऊक असतात. प्राणी ही केवळ ओळखीची खूण. मुळात ते बारा महिने आहेत, बारा प्रहर आहेत, ऋतूंचे टप्पे आहेत.

आणि ऋतू कधी निर्भेळ नसतो. मागचा पूर्ण सरलेला नसतो, पुढचा आतल्या आत सुरू झालेला असतो. आतल्या अक्षरांची सगळी कल्पना यातून निघते. प्रत्येक खालच्या अक्षराच्या पोटात वरच्या दहांपैकी एक, दोन किंवा तीन अक्षरे असतात. वाघ हा वसंताचा पहिला महिना, साधारण ४ फेब्रुवारीपासून ५-६ मार्चपर्यंत. त्यात मुख्य यांग लाकूड, पण येणाऱ्या उन्हाळ्याचा यांग अग्नी तिथेच जन्म घेतो, शिवाय थोडी यांग माती. डुक्कर हा हिवाळ्याचा पहिला महिना. त्यात मुख्य यांग पाणी, पण पुढच्या वसंताचे यांग लाकूड तिथे रुजलेले. उंदीर, ससा, कोंबडा हे ऋतूच्या ऐन भरातले, म्हणून त्यांच्या पोटात एकच अक्षर. घोड्यात दोन, यिन अग्नी आणि यिन माती. राहिले बैल, ड्रॅगन, मेंढा, कुत्रा. ही चार कोठारे. ऋतू संपता संपता येणारे हे महिने. त्यात माती मुख्य, सरत्या ऋतूचा थोडा अंश आणि आणखी एका तत्त्वाचा साठा. कुत्र्याचा महिना ऑक्टोबरच्या ८ तारखेच्या सुमारास लागतो: त्यात यांग माती, सरत्या शरदाचा यिन धातू आणि उन्हाळ्याचा साठवलेला यिन अग्नी. आपल्याकडची ऑक्टोबर हीट आठवून हे पटकन पटते, पण तसे जुळवू नका. हे कॅलेंडर उत्तर चीनच्या हवामानावर बसलेले आहे, पुण्याच्या नाही.

आता तुमची पत्रिका. मी हे काम अजूनही कागदावर करते: चार उभे रकाने, वर एक अक्षर, खाली एक, आणि त्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात पोटातली. तुमच्या वर्षाचा खांब यांग लाकूड आणि कुत्रा. महिन्याचा यिन लाकूड आणि डुक्कर. दिवसाचा यिन धातू आणि बैल. इथवर दोन्ही अ‍ॅपचे एकमत असणार. दिवसाच्या खांबावरचे वरचे अक्षर म्हणजे तुम्ही स्वतः. म्हणजे तुम्ही 'शिन', यिन धातू. जन्मवर्षाऐवजी जन्मदिवसाला केंद्रस्थानी ठेवण्याची ही रीत सुंग काळातल्या शू झ-पिंग यांच्या नावाने ओळखली जाते. रेस्टॉरंटच्या कागदी मॅटवर "तुम्ही कुत्रा" असे छापलेले असते त्यापेक्षा ही पद्धत बरीच वेगळी, ती इथून.

चौथ्या खांबाशी मात्र गाडी अडते. चिनी प्रहर दोन तासांचा. पहाटे ३ ते ५ वाघ, ५ ते ७ ससा. घड्याळाने ५:१० म्हणजे ससा: वर यिन धातू, खाली ससा. पण हे प्रहर घड्याळ येण्याच्या कितीतरी आधीचे आहेत, ते सूर्याच्या वेळेवर चालत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे साधारण ७३.९ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे पुण्याचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटे मागे. शिवाय वर्षभर सूर्य घड्याळाच्या थोडा पुढेमागे असतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो साधारण १६ मिनिटे पुढे असतो. वजाबाकी करा: तुमची सूर्यवेळ सुमारे ४ वाजून ५१ मिनिटे. म्हणजे वाघ. चौथा खांब होतो यांग धातू आणि वाघ. आणि वाघाच्या पोटात काय आहे ते वर आलेच आहे: यांग अग्नी, ज्याला चिनीत 'बिंग' म्हणतात.

म्हणजे एक अ‍ॅप फक्त आठ अक्षरे मोजते, दुसरे पोटातलीही मोजते आणि बहुधा सूर्याची वेळ धरते, असे मला वाटते. सूर्यवेळ धरावी की नाही यावर जाणकारांतही एकमत नाही. मी धरते, कारण ज्या पद्धतीचे प्रहर सूर्यावर बेतलेले आहेत तिला प्रमाणवेळेचा आकडा देणे मला विसंगत वाटते. पण याला माझी निवड म्हणा, नियम म्हणू नका. जाता जाता: मुंबईत १९५५ पर्यंत वेगळी 'बॉम्बे टाइम' चालत असे, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे, आणि दुसऱ्या महायुद्धात काही वर्षे देशभर घड्याळे तासभर पुढे केलेली होती. आजी-आजोबांच्या पत्रिका काढणाऱ्यांनी हे तपासल्याशिवाय अ‍ॅपवर आकडा टाकू नये.

तुमच्या बाबतीत प्रश्न नऊ-दहा मिनिटांचा आहे. ४:५१ म्हणजे ५ च्या अगदी काठावर, आणि ५:१० हा आकडाही कोणी तरी भिंतीवरचे घड्याळ पाहून गोल केलेला असणार. तेव्हा आधी वेळ पक्की करा. घरी जुनी, हाताने लिहिलेली पत्रिका किंवा टिपण असेल तर त्यात इष्टकाल पाहा. तो सूर्योदयापासून घटी-पळांत दिलेला असतो आणि एक घटी म्हणजे २४ मिनिटे. तुमच्याकडे तो ५६ घटींच्या आसपास असायला हवा. एक गोष्ट सांभाळा: जन्म सूर्योदयाआधीचा असल्याने आपल्या पत्रिकेत वार गुरुवार लिहिलेला असेल. चिनी गणित सूर्योदयाची वाट पाहत नाही. तिथे दिवस मध्यरात्री, काहींच्या मते रात्री ११ वाजता बदलतो, म्हणून तुमचा दिवस ११ नोव्हेंबर, शुक्रवारच. गुरुवार पाहून १० तारीख टाकलीत तर यिन धातूच्या तुम्ही यांग धातू होऊन बसाल आणि पुढचे सगळे वाचन दुसऱ्याच कुणाचे होईल.

आता मूळ मुद्दा. समजा वाघ धरला. वरच्या चार अक्षरांत यांग लाकूड, यिन लाकूड, यिन धातू, यांग धातू. अग्नी नाही. खाली कुत्रा, डुक्कर, बैल, वाघ. थेट अग्नीचे प्राणी साप आणि घोडा, ते नाहीत. म्हणून आठ अक्षरे मोजली तर अग्नी शून्य. पेन्सिलीने लिहिलेली मोजली तर कुत्र्यात यिन अग्नी, वाघात यांग अग्नी. दोन झाले. ससा धरला तर कुत्र्यातला एकच उरतो.

मोजणी इथे कामाची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अ‍ॅप टक्के दाखवतात, बहुतेकदा मुख्य अक्षराला ६०, मधल्याला ३०, शेवटच्याला १० अशा काहीतरी हिशेबाने. हे टक्के संगणकाच्या सोयीचे आहेत. जुन्या कोष्टकांत दिवस दिलेले आहेत: महिन्याचे इतके दिवस या अक्षराची सत्ता, मग इतके त्याची. वाघाच्या महिन्यात पहिले ७ दिवस माती, मग ७ दिवस अग्नी, मग १६ दिवस लाकूड. ही सत्ता महिन्याच्या खांबालाच लागू. बाकीच्या खांबांना ती लावता येत नाही. आणि कोष्टकेही सगळी सारखी नाहीत. तुमचा डुकराचा महिना १९९४ मध्ये चिनी वेळेने ८ नोव्हेंबरला लागला, जन्म चौथ्या दिवशी. अनेक कोष्टकांत या महिन्याचे पहिले सात दिवस मागून आलेल्या मातीकडे असतात, तर डुकराच्या पोटातल्या अक्षरांच्या नेहमीच्या यादीत माती मुळात नसतेच, फक्त पाणी आणि लाकूड. एकच परंपरा, दोन याद्या. एका अ‍ॅपचा हिशेब दुसऱ्याशी जुळत नाही याचे आश्चर्य वाटायला नको.

मग मोजायचे नाही तर काय पाहायचे? मी तीन गोष्टी पाहते. वर दिसणाऱ्या अक्षराला खाली आपल्या तत्त्वाचे कोणी आहे का, म्हणजे त्याला मूळ आहे का. आतले अक्षर वरच्या चारांपैकी कुठे उघड झाले आहे का. आणि झाले नसेल, तर काळाच्या ओघात ते केव्हा उघड होते.

पहिली गोष्ट तुमच्याबद्दलच. तुम्ही यिन धातू, आणि महिना पाण्याचा. धातूतून पाणी निपजते, म्हणजे ऋतू तुमची शक्ती खर्च करवणारा. वरवर पाहणारा म्हणेल, धातू दुबळा. पण बैलाच्या पोटात यिन धातू आहे, कुत्र्याच्या पोटातही आहे, आणि दोघेही मातीचे, माती धातूला जन्म देणारी. शिवाय तुम्ही बसलेल्या आहात त्याच बैलावर. म्हणजे जे बळ आठ अक्षरांच्या मोजणीत दिसलेच नाही ते आतून आले. अग्नीच्या नादात तुमच्या सल्लागारांनी हे सांगितलेले दिसत नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रिकेत आतल्या अक्षरांनी केलेले सगळ्यात मोठे काम हेच आहे.

दुसरी गोष्ट: डुकराच्या पोटातले यांग लाकूड तुमच्या वर्षाच्या खांबावर उघडच बसले आहे. महिन्याच्या पोटातले अक्षर वर आले की त्याला वजन येते. छिंग काळातले शन श्याओ-झान यांनी सगळ्या पत्रिकेचा साचाच या उघड होण्यावरून ठरवायची पद्धत नीट मांडली, आणि माझ्या कामाचा कणाही तोच आहे. धातू लाकडाला कापतो, ताब्यात ठेवतो, म्हणून लाकूड तुमचे धन: पैसा, हाती घेतलेले आणि तडीस नेण्याचे काम. महिन्यात मूळ, वर्षावर उघड, शेजारी यिन लाकूडही. तुमच्या पत्रिकेत उघड बोलणारी गोष्ट ही आहे. यावर तुम्हाला कोणी एक वाक्य सांगितले नाही, कारण त्यावर ब्रेसलेट खपत नाही.

आता अग्नी. अग्नी धातूला वितळवतो, ताब्यात ठेवतो, म्हणून तो तुमच्यासाठी अधिकाराचे अक्षर. वाघातला बिंग तुमच्याहून वेगळ्या जातीचा, यांग, म्हणून तो सौम्य, रीतसर अधिकार. कुत्र्यातला यिन अग्नी, 'डिंग', तुमच्याच जातीचा, म्हणून तो कडक, दबाव आणणारा. जुन्या ग्रंथांत स्त्रीच्या पत्रिकेत हेच अक्षर नवऱ्याचे धरतात. का, हे उघड आहे: ज्या समाजात हे लिहिले गेले तिथे बाईवरचा अधिकार म्हणजे नवरा. पुरुषाच्या पत्रिकेत तेच अक्षर पद, नोकरी, कायदा. आज दोघांच्याही पत्रिकेत मी ते आधी पद, नियम, जबाबदारी, वरिष्ठ असेच वाचते, आणि जोडीदाराबद्दल विचारले तर दिवसाखालचे घर पाहते. तुमच्या दिवसाखाली बैल आहे. भरलेले घर आहे ते. माती, पाणी, धातू, तीन अक्षरे.

शिवाय ऋतू पाहून पत्रिका जुळवणारी एक शाखा आहे. तिच्या मते हिवाळ्याच्या पहिल्या महिन्यातल्या यिन धातूला आधी यांग पाणी हवे, मग यांग अग्नी. धातू धुऊन लखलखीत व्हावा आणि गारठू नये. तुमच्याकडे यांग पाणी डुकराच्या पोटात, यांग अग्नी वाघाच्या पोटात. दोन्ही हवीत ती आहेत, दोन्ही आत. "अग्नी नाही" आणि "अग्नी आत आहे" यांतला फरक इथे कळतो. नसलेल्याला काळ बाहेरून आणून देतो, आणि तो आला तसा जातो. आत असलेल्याला काळ हाक मारतो, तेव्हा ते आपल्या घरातून उठून येते.

बैल आणि वाघ शेजारी असल्याची आणखी एक खुबी आहे, आणि ती सांगायला मी जरा कचरते, कारण तिचा गैरवापर फार होतो. वरच्या दहा अक्षरांत पाच जोड्या ठरलेल्या आहेत, एकमेकांकडे ओढल्या जाणाऱ्या. वाघातली तीन अक्षरे आणि बैलातली तीन अक्षरे यांची जोडी एकास एक जमते: यांग लाकूड आणि यिन माती, यांग अग्नी आणि यिन धातू, यांग माती आणि यिन पाणी. याला गुप्त जुळणी म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र सूत जुळलेले. ज्यांना घाबरवायचे असते ते म्हणतात, तुमच्या नवऱ्याचे अक्षर बैलातल्या दुसऱ्याच धातूशी जुळले आहे, म्हणजे दुसरी बाई. इतक्या उतरंडीच्या आत असलेल्या एका अक्षरावर कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करणे मला मान्य नाही. मी एवढेच वाचते की अधिकाराचे अक्षर तुमच्या स्वतःच्या घराशी धाग्याने बांधलेले आहे, परके नाही. प्रहर ससा निघाला तर हा परिच्छेद विसरून जा.

तिसरी गोष्ट काळाची, आणि आतल्या अक्षरांचा कस इथे लागतो. दर दहा वर्षांनी पत्रिकेवर एक नवा खांब येतो. सुरुवात कधी, हे जन्मापासून जवळच्या ऋतुसंधीपर्यंत किती दिवस यावरून काढतात, तीन दिवसांना एक वर्ष. यांग वर्षी जन्मलेल्या स्त्रीचे खांब उलटे धावतात. तुमचे अंतर तीन दिवस आणि काही तास, म्हणजे वयाच्या पहिल्या वर्षानंतर लगेच सुरुवात, १९९५ च्या अखेरीस. त्या हिशेबाने २०१५ च्या अखेरीपासून २०२५ च्या अखेरीपर्यंत तुमच्यावर यांग पाणी आणि माकड हा खांब होता. यांग पाणी म्हणजे डुकराच्या पोटातले तुमचेच अक्षर उघड झालेले: बोलणे, कौशल्य, आपले म्हणणे ठासून मांडणे. हे अक्षर आणि अधिकाराचे अक्षर यांचे परंपरेने पटत नाही; पाणी अग्नीला विझवते. शिवाय माकड आणि वाघ समोरासमोरचे, एकमेकांना धडकणारे. म्हणजे वाघ तुमचा असेल तर त्याच्या पोटातल्या अग्नीला ही दहा वर्षे सुखाची नव्हती. पत्रिका याला "नाही" म्हणत नाही, "या दशकात नाही" म्हणते. तुमच्या सल्लागारांनी नेमके हेच दहा वर्षांचे वाक्य जन्मभराचे करून टाकले, असे मला वाटते.

२०२५ सरता सरता खांब बदलला: यिन धातू आणि मेंढा, २०३५ पर्यंत. मेंढ्याच्या पोटात यिन अग्नी आहे. मेंढा बैलाला धडकतो. कोठाराला धडक बसली की ते उघडते आणि आतला माल बाहेर येतो, असे एक मत. धडकेने मूळच उखडते, असे दुसरे. माझा अनुभव मिश्र आहे: ज्यांच्या पत्रिकेत साठ्यातले अक्षर आणखी कुठे तरी उघड असते त्यांना ती धडक लाभते, ज्यांचे एकटे पडलेले असते त्यांना ती नुसती दमवते. तुमच्या बैलात धातूचा साठा आहे आणि तुम्ही धातू, चौथ्या खांबावर आणखी एक धातू. म्हणून मी भिणार नाही. पण घर, जागा, राहणीमान यांत हलवाहलव होईल असे गृहीत धरून चालेन.

आणि २०२६. चिनी सौर गणनेने ४ फेब्रुवारीला सुरू होणारे हे वर्ष यांग अग्नी आणि घोड्याचे आहे. बिंग उघडपणे वर. तुम्ही यिन धातू, आणि यिन धातू-यांग अग्नी ही त्या पाच जोड्यांपैकी एक, म्हणजे तो थेट तुमच्याकडे ओढला जातो. खाली घोडा. वाघ, घोडा आणि कुत्रा हे तिघे मिळून अग्नीचे त्रिकूट होते. दोन तुमच्या पत्रिकेत, तिसरा वर्षाने आणला. आठ अक्षरांत शून्य दाखवणारा अग्नी असा एका वर्षात पुरा उभा राहू शकतो. २०२७ यिन अग्नी आणि मेंढा. तेव्हा कुत्र्यातला डिंग उघड होतो, आणि हा प्रहर वाघ असो की ससा, दोन्हीकडे लागू. ससा असेल तर २०२६ चे वजन निम्म्यावर येते, कारण त्रिकुटातला वाघ उरत नाही. लग्न ठरेल असे मी म्हणत नाही. पद, करार, जबाबदारी, सरकारी कागद, नाते, यांपैकी कुठल्या दाराने तो येईल हे तुमच्या आजच्या परिस्थितीवर आहे, आणि ती तुम्हाला माहीत, मला नाही. अग्नी जास्त झाला तर धातू वितळतो, हेही विसरू नका. मोठ्या पदाबरोबर झोप उडवणारा वरिष्ठ येणे हेसुद्धा याच अक्षराचे फळ.

उपायाबद्दल विचारलेत म्हणून. चीनमध्ये कमी असलेल्या तत्त्वाचे अक्षर मुलाच्या नावात घालायची जुनी चाल आहे. तीन वेळा धातू लिहून बनलेले 'शिन' (तुमच्या यिन धातूच्या 'शिन'हून वेगळे), तीन वेळा पाणी लिहून बनलेले 'म्याओ' अशी अक्षरे नावांत भेटतात ती बरीचशी यामुळे. ती आईबापांची माया आहे, मी तिला नावे ठेवणार नाही. पण तिथेही प्रश्न तोच: ते तत्त्व हवे आहे का, हे आधी ठरवावे लागते. नसलेले प्रत्येक तत्त्व हवेच असते असे नाही. कित्येकांचे एखादे तत्त्व नसल्यामुळेच बरे चाललेले असते. ब्रेसलेट हौस म्हणून घाला, लाल रंग आवडत असेल तर जरूर घाला. गणितात त्याला जागा नाही. मंगळाच्या पत्रिकेच्या धास्तीने आपल्याकडे किती स्थळे हातची गेली हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना ठाऊक असेल. त्यात आता अग्नीची भर नको.

आता तुम्ही काय करायचे ते सांगते. आधी वेळ: इष्टकाल, नाहीतर हॉस्पिटलचे जुने डिस्चार्ज कार्ड, नाहीतर आईला विचारा की उजाडायला लागले होते का, दूधवाला येऊन गेला होता का. पुण्यात त्या दिवशी सूर्य साडेसहानंतर उगवला, तेव्हा ५:१० ला मिट्ट काळोख असायला हवा. मग माझे उत्तर बाजूला ठेवून, म्हणजे माझ्या शब्दांना जुळवून न घेता, तीन वर्षांबद्दल दोन-दोन ओळी लिहा: २०१६, २०२२, २०२४. २०१६ ला यांग अग्नी वर आला होता पण माकडावर बसून, वाघाला धडकत. २०२२ वाघाचेच वर्ष. २०२४ ड्रॅगनचे, जो कुत्र्याच्या कोठाराला धडकतो. पहिल्या दोन वर्षांत काम किंवा नाते यांत ठळक काही घडले असेल आणि २०२४ सपाट गेले असेल तर मी वाघाकडे झुकेन. उलट असेल तर ससा. ही चाचणीही कच्चीच आहे, कारण शोधायला बसले की प्रत्येक वर्षात काहीतरी सापडते. म्हणून महिन्यासकट लिहा आणि शक्य असेल तर जुने मेल, ऑफर लेटर, फोनमधले फोटो पाहून लिहा, आठवणीवर विसंबू नका.

जुन्या पत्रिकेचा फोटो इथे टाकणार असाल तर नाव, गोत्र, आईवडिलांची नावे झाकून टाका. मला फक्त इष्टकालाची ओळ हवी आहे.